भिंतीकडे तोंड करून वाजणारी गिटार

साकोलीत माझ्या भोंग्याला नावं ठेवणारं एकच माणूस निघालं, आणि ती बाई होती. रूथबाई. मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. अर्ध्या तालुक्याची पोरं त्यांच्या हातावर जन्मली. त्यामुळे रस्त्यानं जाताना त्या कोणाच्याही पोराचा कान धरायच्या आणि पोराचे मायबाप बाजूला हसत उभे राहायचे. माझा कान त्यांनी धरला तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो. हातानं नाही धरला. पण धरला.

मी चौथीपर्यंत शिकलो. मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर घरात अजून एकमत नाही. पण ॲम्प्लिफायर उघडून बसलो तर मी कोणाला विचारायला जात नव्हतो. धानाच्या बांध्या, घरची शेती, भाऊ पाहायचा. मी हायवेला लागून लाउडस्पीकरचं दुकान टाकलं होतं. लग्न असो, मंडईची जत्रा असो, दिवाळीनंतरची नाटकं असोत, माझेच भोंगे. पलीकडच्या गावाला ऐकू गेलं नाही तर तो आवाज कसला, असं माझं मत होतं, आणि माझं मत मी सहसा बदलत नाही.

बाई दुकानात आल्या त्या सायकल हातात धरून. मागच्या कॅरिअरला दवाखान्याच्या रबरी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट बांधलं होतं. मला वाटलं, कोणाचा मोडका पाय आहे. चादर सोडली तर आत गिटार, विजेवर वाजणारी. त्यांचा भाऊ नागपूरला ऑर्केस्ट्रात वाजवायचा. त्याला दूरची नोकरी लागली, तशी ती बहिणीच्या गळ्यात टाकून तो गेला. बाई लहानपणापासून त्याच्यासोबत शिकलेल्या.

"भाऊ, रविवारी मंडळीत वाजवाची हाय. मशीन पायजे."

"मोठ्यात मोठी देतो," मी म्हटलं.

आणि दिली. त्यांची मंडळी भरायची ते चर्च म्हणजे कवेलूंच्या छपराचं एक लांब घर होतं, शेणानं सारवलेलं. एकीकडे बाया, एकीकडे माणसं, खाली सतरंज्या. बहुतेकांना वाचता येत नव्हतं. म्हणून योहानबाबा नावाचे म्हातारे पंच गाण्याची एक ओळ म्हणायचे आणि सगळे ती मागून म्हणायचे. बाबांच्या डोक्यावर मी भोंगा टांगला. बाईंनी पहिली तार छेडली आणि कवेलूंवरच्या चिमण्या एकदम उडाल्या. एक लेकरू रडायला लागलं, त्याचं पाहून दुसरं. बाबांचं तोंड हलत होतं, पण ते काय म्हणतात ते त्यांचं त्यांनाही कळत नसावं.

प्रार्थना सुटल्यावर बाई माझ्याकडे आल्या. मी वाट पाहत होतो की आता शाबासकी मिळणार.

"काहून भाऊ, हे गिटार हाय का मिलचा भोंगा?"

"बाई, रोडच्या पलीकडं आयकू गेली."

"रोडच्या पलीकडं कोन बसलं हाय माहं गानं आयकाले? ट्रकवाले? मले समोरच्या बुढीले आयकवाचं हाय. अन त्या बुढीचं गानं मले आयकू आलं पायजे."

त्या दिवसापासून त्यांनी मला भोंगेभाऊ म्हणायला सुरुवात केली. शेवटपर्यंत तेच नाव.

योहानबाबांनी सगळ्यांसमोर निकाल दिला. नाताळापर्यंत पाहू. तोवर हा आवाज माणसात आला नाही, तर ही गिटार पुन्हा मंडळीत आणायची नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, जाऊ द्या ना बाई, घरी वाजवा. तर त्या म्हणाल्या, "घरी वाजवली तं शेजारी म्हनते नर्सबाईले काम नाई. मांडवात वाजवली तं गाव काय म्हनन ते तुमाले मालूम हाय. बाईमानसाले चारचौघात वाजवाले हे एकच ठिकान हाय, भाऊ. हे गेलं तं ते बंद."

मला राग आला होता तो माझ्या मशीनला नावं ठेवल्याचा. पण हे ऐकल्यावर मला त्यांना नकार देता आला नाही.

मग सुरू झालं आमचं काम. बाई ड्यूटीवरून सुटल्या की सायकल दुकानाशी लावायच्या. बसायच्या नाहीत. उभ्यानं बोलायच्या, कारण नर्सला बसायची सवय नसते असं त्यांचं म्हणणं. आवाजाबद्दल त्या अशा बोलायच्या की मला आधी काही समजायचंच नाही. "हा आवाज कच्चा राह्यला." "याले ताप हाय." "हा आवाज दात दाखवून राह्यला." एकदा म्हणाल्या, "भाऊ, भात कसा पायजे? शित शित मोकळं पायजे, पन दाताखाली मऊ लागलं पायजे. बस, तसा आवाज द्या." आता धानाच्या मुलखातल्या माणसाला हे समजायलाच पाहिजे. मला समजलं.

भोंगा मी काढून टाकला. तो काढताना मला कसं वाटलं ते मी सांगत नाही. एका जुन्या रेडिओग्रामचा मोठा स्पीकर माझ्याकडे पडून होता, त्याला सुताराकडून सागवानाची पेटी करून घेतली. आवाज बराच उतरला, पण खालचा सूर लागला की पेटी कुठंतरी खरखर करायची. मी सगळे स्क्रू आवळले. खरखर तशीच. दुसऱ्या दिवशी बाई दवाखान्यातली ती लहान नळी घेऊन आल्या, गरोदर बाईच्या पोटाला लावून आतल्या लेकराचे ठोके ऐकतात ती. मला म्हणाल्या, खालची तार वाजवत राहा. स्वतः वाकून पेटीच्या पोटावर नळी लावून ऐकत राहिल्या. इथं लाव, तिथं लाव. दुकानासमोर माणसं जमली.

एकानं विचारलं, "नर्सबाई, कोनता महिना?"

"नववा. तुया बायकोपेक्षा लवकर मोकळी होते का नाई पाय," बाई म्हणाल्या, मान वर न करता. मग मागच्या फळीच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथं दुखून राह्यलं."

फळी उघडली तर आतला सांधा सुटलेला. सरस लावला, आतून जुन्या वाकळीचा तुकडा ठोकला, खरखर गेली. त्या दिवशी मी पहिल्यांदा डोळे मिटून ऐकलं. तोवर मशीनच्या दिव्यांकडे पाहून काम करायचो.

तरी आवाज टोचायचाच. बाईंनी तार छेडायची पट्टी बदलून पाहिली. बाजारची प्लॅस्टिकची पट्टी कडक होती. त्यांनी एक्स-रेच्या खराब झालेल्या फिल्ममधून पट्टी कापली, तिनं तार हळू सुटायची. ती उजेडात धरली की कोणाची तरी बरगडी दिसायची. मी विचारलं, कोणाची? "बरा होऊन गेला तो," एवढंच म्हणाल्या. तारा त्या स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायच्या, सुई टोचायच्या आधी दंड पुसावा तशा. आणि शेवटी त्यांनी जे केलं त्याला मी सरळ विरोध केला. त्यांनी पेटीचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बाई, लोकं हासतील. शाळेत शिक्षा केलेल्या पोरासारखी दिसते."

"तुमाले शिक्षा झाली होती ना शाळेत? मंग सुधरले का नाई?"

"नाई."

"हे सुधरते. आयका."

मातीच्या भिंतीला लागून आवाज परत आला तो सगळ्या घरात सारखा पसरून. कोठून येतो ते कळेना. मी चर्चभर फिरलो, बायांच्या बाजूलाही, कोपऱ्यात बसून पाहिलं. मग म्हटलं, ठीक आहे. त्याहून जास्त मी कोणाला म्हणत नाही.

नाताळ तोंडावर आला आणि झटका बसला. खराखुरा. गाण्याचं नाव सांगायला बाईंनी तोंड माइकजवळ नेलं, हात गिटारच्या तारांवर होता, आणि ओठांवर निळी ठिणगी उडाली. बाई मागे सरकल्या. ओठ हातानं दाबून म्हणाल्या, "भोंगेभाऊ, तुमची मशीन चावते." मी पाहिलं तर मशीनमधून थोडी वीज तिच्याच पत्र्याच्या खोक्यावर उतरत होती आणि तिला जमिनीत जायला रस्ता नव्हता. पहिल्या दिवसापासून गिटारच्या मागे एक घोंघों आवाज यायचा, काही केल्या जात नव्हता, त्याचंही मूळ तेच. मी चर्चच्या दाराशी खड्डा खोदला, त्यात तांब्याची पट्टी पुरली, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, तार आत नेली. घोंघों थांबली. पण चार दिवसांनी खड्डा सुकला की पुन्हा सुरू. ओल राहिली पाहिजे.

"मंग ठेवू ओला," बाई म्हणाल्या. दाराशी बादली ठेवली, लोटा ठेवला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की आत येण्याआधी लोटाभर पाणी इथं घालायचं. कायले म्हणून विचारलं तर सांगायच्या, "गिटारले ताहान लागते."

नाताळला चर्च भरलं. मी मशीनजवळ, बटणावर हात ठेवून. बाईंनी वाजवलं. योहानबाबांनी ओळ म्हटली, लोकांनी ओळ घेतली, आणि गिटार त्यांच्या खाली, सतरंजीसारखी. एक म्हातारी नाकात गात होती तेसुद्धा ऐकू येत होतं. सुटल्यावर सगळे बाबांकडे पाहायला लागले. बाबा काठी शोधत उठले. बाईंशी बोललेच नाहीत. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आज मले माहा आवाज आयकू आला. एवढा बुढा झाला मनून मालूम नव्हतं." आणि गेले. गिटार राहिली.

तिथून पुढं कितीतरी वर्षं रविवारी सकाळी मी तिथंच असायचो. मी त्यांच्या धर्माचा नाही, होणारही नव्हतो, बाईंनी कधी म्हटलंही नाही. पण आत जाताना लोटाभर पाणी मीही घालायचो. बायको म्हणायची, "तिकडं पानी घालता, अन घरच्या तुळशीले कोन घालन?" मी म्हणायचो, तुळशीला विजेचा झटका बसत नाही. धंद्याचं म्हणाल तर तो याच काळात वाढला. लाखांदूरकडच्या नाटकवाल्यांनी मला सांगितलं की तुमच्या मशीनवर आमची नटी रडते ते शेवटच्या माणसाला समजते, बाकीच्यांच्या मशीनवर नुसती ओरडते. मी त्यांना कारण सांगितलं नाही. पण ती शिकवण कोणाची हे मला ठाऊक होतं, आणि आज लिहून ठेवतो आहे.

पुढं चर्चचे पाळक, म्हणजे पाद्री, बदलले. नवे पाळक नगरकडचे, तरुण, शिकलेले, बोलणं पुस्तकासारखं. पण माणूस खोटा नव्हता. त्यांनी आल्या आल्या दाराशी काय पाहिलं? लोक पाणी घालतात. बादलीचं कारण ठाऊक असलेली निम्मी म्हातारी माणसं तोवर गेली होती. नव्या सुना, बाहेरगावचे लोक, त्यांना वाटायचं, ही रीतच आहे. कोणी पाणी घालून हात जोडायचं. कोणी ओली बोटं कपाळाला लावायचं. मला दिसत होतं, पण माझं काय जात होतं? मशीन नीट चालत होती.

एके रविवारी अड्याळकडची एक बाई डोळे आलेलं लेकरू घेऊन आली आणि तिनं त्या खड्ड्यातलं पाणी त्याच्या डोळ्यांना लावलं. मिठाचं, कोळशाचं पाणी. लेकरानं आकांत केला. रूथबाई गिटार टाकून धावल्या, त्याला उचलून हापशावर नेलं, डोळे धुतले, आणि त्याच्या मायला असं बोलल्या की मी तसं बोलणं त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

पाळकसाहेबांनी त्याच दिवशी सांगितलं, "हे बंद करावं लागेल. उद्या लोक इथं नवस बोलतील. खड्डा बुजवून वर सिमेंट करा."

मी पुढं झालो. म्हटलं, साहेब, तो देव नाही, अर्थिंग आहे. सुकलं की झटका बसेल.

"मला समजतं, काका. पण त्यांना कोण समजावणार?"

मी बाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता बाई बोलतील. एवढ्या वर्षांचं काम. बाई म्हणाल्या, "पाळकसाहेब बरोबर बोलून राह्यले. माह्या गिटारपायी लेकराचा डोळा जाऊ नाई."

सिमेंट झालं. उन्हाळा होता. दोनेक रविवार गेले आणि बाईंनी वाजवता वाजवता मान वाकडी केली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पुढच्या रविवारी मलाही आलं, घोंघों. त्याच्या पुढच्या रविवारी पत्र्याला हात लावला तर मुंग्या आल्या.

मी बाईंना बाजूला घेऊन म्हटलं, "बसू द्या ना एक झटका पाळकसाहेबायले माइकवर. आपोआप समजन."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "भोंगेभाऊ, मी लोकायले बरं कराचा पगार घेते." आणि मशीनचं बटण बंद केलं, वायर काढली, गुंडाळून माझ्या हातात दिली. माझ्या मनात आलं, संपलं. विजेशिवाय ती गिटार म्हणजे नुसती फळी. पोट नाही, पोकळी नाही, तार वाजली तर हाताच्या अंतरावर ऐकू येईल. एवढ्या वर्षांनी ती मंडळीतून गेली ती अशी, आणि घालवणारे हात बाईंचेच.

पण बाई गिटार घेऊन आपल्या जागी बसल्या. वाजवायला लागल्या. पहिल्या रांगेला काहीतरी टिकटिक ऐकू आलं असेल. लोकांनी गाणं घेतलं नेहमीसारखं, आणि एका ओळीत त्यांना समजलं की खाली काही नाही. सतरंजी ओढून घ्यावी तसं. मी मशीनजवळ रिकाम्या हातानं उभा.

मग लोक हळू गायला लागले. कोणी सांगितलं नाही. आधी समोरच्या बाया, मग मागचे. आवाज खाली, आणखी खाली, इतका की पुटपुटल्यासारखा. त्यांना गिटार ऐकायची होती. इतकी वर्षं बाईंनी गिटार लोकांखाली ठेवली होती, त्या दिवशी लोक गिटारच्या खाली गेले. मी सरकत दारापर्यंत गेलो, तिथंही तार ऐकू आली. एवढ्या माणसांच्या गाण्यातून. माझ्या कोणत्याही मशीननं असा आवाज मला कधी दिला नाही, आणि मी ते कबूल करणारा माणूस नाही.

पाळकसाहेब उभे राहून ऐकत होते. त्यांच्या हातातलं पुस्तक मिटलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर ते बाहेर उभे. "काका, छन्नी-हातोडा आहे का?" मी म्हटलं, काय फोडायचं? "मी केलेलं सिमेंट." आम्ही दोघांनी फोडलं. त्यांच्या हाताला फोड आले, तरी जास्तीचं काम त्यांनीच केलं. मग म्हणाले, "बादली दाराशी नको. लोकांनी पाणी घालायचं नाही. रोज सकाळी मी एकटा घालीन, आणि रविवारी सगळ्यांना सांगेन की ही विजेची तार आहे, हिला नमस्कार करू नका." त्यांनी तसं केलं, आणि एकदाही चुकले नाहीत. त्यांच्या पत्नीला बाईंनी वाजवायला शिकवलं ते त्यानंतरच. पाळकबाई शिकताना आवाज मोठा करून मागायच्या, तर बाई म्हणायच्या, आधी बोटं धुऊन या.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा भावाकडे जायचं ठरलं. गिटार त्यांनी मंडळीला दिली. शेवटच्या रविवारी वाजवायला पाळकबाई बसल्या आणि रूथबाई पांढरं लुगडं नेसून बायांमध्ये, सतरंजीवर, मांडी घालून. बसलेल्या मी त्यांना तेव्हाच पाहिलं, हातात काही नसताना.

गाणं सुरू झालं. मी टोनच्या बटणावर हात ठेवून होतो, बाईंकडे पाहत, की मान वाकडी होते का. मान सरळ होती. आणि बाई गात होत्या. इतकी वर्षं त्यांचं लक्ष बोटांवर, लोकांवर, माझ्या मशीनवर. गाताना त्यांना मी कधी ऐकलंच नव्हतं. आवाज जाडा, मोठा, आणि सुराच्या सरळ खाली. चुकूनसुद्धा सुराला लागत नव्हता. शेजारच्या म्हातारीनं वळून पाहिलं. पाळकबाईंचं एक बोट घसरलं. माझ्या दुकानात उभं राहून माझ्या आवाजाला ताप आहे म्हणणारी बाई, डोळे मिटून, तोंड उघडून, सगळ्यांच्या वर बेसूर गात होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता, जणू ती एकटीच त्या घरात आहे.

मी गिटार थोडी कमी केली. त्यांचं नीट ऐकू यावं म्हणून.